रोपाला गावाचं नावही हवं

पावसाळ्यात उत्तराखंडात हरेला साजरा होतो आणि त्याच दिवसांत डोंगरउतारांवर रोपं लावण्याची धांदल उडते. त्या रोपांत उतीस हमखास असतं. दरड कोसळून उघडा पडलेला उतार, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, नदीनं खाल्लेला काठ, जिथे माती म्हणावी अशी माती उरलेलीच नाही, तिथे उतीस जीव धरतं आणि भराभर वाढतं. त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. पानं गळतात तीही बरीचशी हिरवीच, नायट्रोजन परत न ओढता. खाली पडतात, कुजतात, आणि काही वर्षांत त्या दगडगोट्यांत दुसऱ्या झाडांना राहता येईल अशी जागा तयार होते.

मी मूळची सांगलीची. नोकरी मात्र देहरादूनला झाली, वनस्पतींच्या रसायनशास्त्रात. त्या नोकरीतला मोठा काळ उतीस आणि त्याची भावकी, म्हणजे जगभर आल्डर या नावानं ओळखली जाणारी ॲल्नस वंशातली झाडं, यांची पानं मोजण्यात आणि साली उकळण्यात गेला. त्या कामाच्या बळावर एक मागणी जाहीरपणे मांडते आहे. सरकारी पैशातून लागणाऱ्या प्रत्येक वनरोपाच्या नोंदीत त्याची नेमकी जात लिहिली जावी, आणि त्याचं बी कोणत्या डोंगरावरून, किती उंचीवरून आणलं तेही लिहिलं जावं. हे सक्तीचं असावं.

मी पाहिलेल्या कितीतरी रोपवाटिकांच्या वह्यांत रोपांची संख्या असते, पिशवीचं माप असतं, शेणखत किती घातलं आणि मर किती झाली तेही असतं. बी कुठलं, या प्रश्नापुढे ‘खरेदी’ एवढाच शब्द असतो, नाहीतर तो रकानाच नसतो. या रिकाम्या जागेची मला खरोखर भीती वाटते. त्याचं कारण पानांत आणि सालीत आहे, म्हणून आधी तिथेच जाऊ.

हिमालयात आल्डरच्या दोन जाती आहेत. एक उतीस, म्हणजे ॲल्नस नेपालेन्सिस. डेव्हिड डॉन यांनी १८२५ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. ती हिमाचलापासून पूर्वेकडे नेपाळ, सिक्कीम, नागालँड, म्यानमार करत थेट नैर्ऋत्य चीनपर्यंत पोचते. दुसरी ॲल्नस निटिडा, पश्चिम हिमालयातली, काश्मीर आणि त्याच्याही पलीकडे स्वातच्या खोऱ्यापर्यंत. कुलू-मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी बियास नदीच्या काठानं प्रवास करताना ही झाडं नक्की पाहिलेली असतात. पाण्यालगत उभी, गर्द, चकचकीत पानांची. मधल्या पट्ट्यात, हिमाचल आणि उत्तराखंडात, दोन्ही जाती भेटतात.

दोन्हींचं पान लंबगोल, दोन्हींच्या कडा जवळजवळ सपाट, दाते असले तरी विरळ. घाईत पाहिलं तर एकच झाड वाटावं. पण पान उलटं केलं की उतीसच्या खालच्या बाजूला निळसर पांढुरकी छटा दिसते आणि भिंगातून राळेचे बारीक ठिपके दिसतात. निटिडाची फळं, म्हणजे ते छोटे लाकडी शंकू, संख्येनं थोडे आणि आकारानं मोठे. उतीसचे शंकू लहान, पण घोसच्या घोस. बीसुद्धा वेगळं. उतीसच्या बियांना पातळ पापुद्र्याचे पंख, निटिडाच्या बियांना अरुंद आणि जाडसर कडा. मला यात दोघींची राहणी दिसते. पातळ पंखाचं बी वाऱ्यावर चढून ताज्या दरडीपर्यंत जातं, दुसरी जात मात्र नदीकाठ सोडून फारशी वर चढत नाही. दरडीवर निटिडा लावलं किंवा कुलूच्या नदीकाठी दार्जिलिंगकडचं उतीस आणून लावलं, तर वहीत दोन्ही ठिकाणी ‘आल्डर, जिवंत’ अशी नोंद होईल. डोंगरावर काय होईल ते वहीत येणार नाही.

जवळच्या नात्यातली झाडं ओळखणं किती कठीण असतं, याचा सर्वांत बोलका पुरावा युरोपात आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली वनस्पतींची मोठी यादी छापली तेव्हा युरोपातल्या दोन आल्डर जाती त्यानं एकाच नावाखाली घातल्या, त्याही भूर्जाच्या वंशात. एक चिकट पानांची, दुसरी करड्या पानांची, पण त्याच्या लेखी ते एकाच झाडाचे दोन प्रकार होते. त्यांना स्वतंत्र जातींचा मान मिळायला त्या शतकाची शेवटची दशकं उजाडली. आज युरोपातला कुठलाही वनविद्यार्थी त्या दोघी हातात घेऊन सांगतो. काळ्या आल्डरचं पान गोलसर, टोकाला बोथट, पुष्कळदा मधोमध खाच पडलेलं, कोवळेपणी बोटाला चिकटणारं. करड्या आल्डरचं पान टोकदार, कडेला दुहेरी दाते, खालून करडं आणि लवदार, चिकटपणा नाही. दोघी शेजारी वाढल्या की त्यांचा संकरही होतो आणि त्याची पानं दोघींच्या मधली निघतात.

काळ्या आल्डरचा हा चिकटपणा कळ्यांवर आणि कोवळ्या पानांवर पाझरणाऱ्या राळेचा असतो. जर्मनीत डार्मश्टाटचे एकहार्ड वोलेनवेबर यांनी आल्डर, भूर्ज आणि पॉप्लर यांच्या कळ्यांवरचे असे पाझर तपासण्यात कितीतरी वर्षं घालवली. त्या पाझरांतली फ्लॅव्होनॉइड नावाची संयुगं जातीजातीप्रमाणे बदलतात. माझ्या पिढीतल्या पुष्कळ जणांनी हे काम वाचूनच सिलिकाच्या पट्टीवर अर्काचे थेंब टाकून त्यातले घटक वेगळे करायला सुरुवात केली. पट्टी अतिनील दिव्याखाली धरली की एका जातीचे ठिपके एका उंचीवर, दुसरीचे दुसऱ्या. तो निळा-पिवळा उजेड पाहिला की पानाचा आकार आणि पानातलं रसायन ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे मनावर ठसतं.

पण युरोपची खरी गोष्ट २०१७ साली घडली. बोहुमिल मांडाक आणि त्यांच्या चेक सहकाऱ्यांनी काळ्या आल्डरच्या भावकीत दोन नव्या जाती जाहीर केल्या. आयबेरियन द्वीपकल्प आणि मोरोक्कोतली ॲल्नस लुसिटानिका, आणि पश्चिम बाल्कनमधली ॲल्नस रोहलेने. ही झाडं कुठल्या दुर्गम अरण्यात लपलेली नव्हती. पोर्तुगालच्या नद्यांवर लोक त्यांच्या सावलीत शतकानुशतकं बसत आले होते आणि सगळे त्यांना काळं आल्डरच म्हणत होते. नेहमीच्या काळ्या आल्डरमध्ये २८ गुणसूत्रं असतात, या दोघींत ५६. संशोधकांनी पानं मोजली, पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजलं, गुणसूत्रं मोजली, जनुकीय खुणा तपासल्या. या सगळ्या पुराव्यांनी एकच दिशा दाखवली, तेव्हाच नव्या जातींना नाव मिळालं.

याचा लागवडीशी काय संबंध, असं विचारलं जाईल. थेट संबंध आहे. पोर्तुगालच्या नदीकाठी उत्तर युरोपातल्या रोपवाटिकेतली काळ्या आल्डरची रोपं आणून लावली आणि त्यांचा परागकण स्थानिक झाडावर पडला, तर २८ आणि ५६ गुणसूत्रांच्या आईबापांपासून ४२ गुणसूत्रांचं अपत्य निघेल. अशा तिप्पट संचाच्या झाडांत गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, बी बहुधा वांझ निघतं. २०१७ च्या आधी असं रोप लावणाऱ्या माणसानं काहीच वावगं केलं नसतं. त्याच्या कागदावर जात बरोबरच असती. म्हणूनच जातीच्या नावाबरोबर गावाचं नावही हवं. उद्या एका जातीच्या दोन झाल्या, तर कागदावरचं गाव वाचून कोणतं झाड कोणत्या बाजूचं हे सांगता येईल. नुसत्या नावावरून काहीच सांगता येणार नाही.

आपल्याकडे उतीसचा पसारा हिमाचलापासून चीनमधल्या युनानपर्यंत आहे. इतक्या लांब पट्ट्यात, पाचशे मीटरपासून तीन हजार मीटरपर्यंतच्या उंचीवर वाढणारं झाड सगळीकडे एकसारखंच असेल असं मानणं मला तरी जड जातं.

आता सालीकडे येते, कारण इथे माझा जीव गुंतलेला आहे. आल्डरचं ताजं लाकूड कापलं की पांढुरकं दिसतं आणि हवेत राहून थोड्या वेळात तांबूस होऊ लागतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाल आल्डरमध्ये हा रंग फारच भडक येतो, लाकूड व्यापाऱ्यांची त्यानं डोकेदुखी होते. त्यामागच्या संयुगाची रचना १९७४ मध्ये उलगडली. त्याचं नाव ओरेगोनिन. दोन बेंझिनची कडी आणि त्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी, अशी त्याची बांधणी. या बांधणीच्या संयुगांना डायअरिलहेप्टॅनॉइड म्हणतात. जपान-कोरियाकडच्या हिर्सुटा आल्डरमधून याच बांधणीची आणखी संयुगं निघाली, युरोपच्या काळ्या आल्डरमध्येही ओरेगोनिन आहे. भावकीची ही सामाईक मालमत्ता, प्रत्येक घरात तिची वाटणी मात्र वेगळी.

हा शब्द मराठी वाचकाला परका वाटेल, पण ही बांधणी आपल्या रोजच्या फोडणीत आहे. हळदीचा पिवळा रंग देणारं कर्क्युमिनसुद्धा डायअरिलहेप्टॅनॉइडच. दोन कडी, मध्ये सात कार्बन. मी सांगलीत वाढले. हरिपूरची हळदीची पेवं, मार्केट यार्डातले सौदे, राजापुरी की सेलम यावर होणारी घासाघीस हे सगळं लहानपणी कानावर पडलेलं. हळकुंड मोडून आतला रंग पाहणारा व्यापारी ‘ही हळद आहे’ एवढ्यावर समाधान मानत नाही. कुठली, कोणत्या वाणाची, कर्क्युमिन किती, हे विचारल्याशिवाय भाव ठरत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कुणाला ते अवघड वाटलं नाही. माती बदलली, वाण बदललं की गाठीतलं रसायन बदलतं, हे शेतकऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना पटलेलं आहे. जंगलातल्या झाडाच्या वाट्याला हेच शहाणपण का येत नाही, हा माझा प्रश्न आहे. बाजारात त्याचा भाव फुटत नाही, एवढंच कारण मला दिसतं.

भाव नाही असंही पुरतं म्हणता येत नाही. लखनौच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उत्तराखंडातल्या उंच भागातल्या उतीसच्या पानांतून डायअरिलहेप्टॅनॉइड वेगळी काढली आणि हत्तीरोगाच्या कृमींवर त्यांचा परिणाम होतो असं प्रयोगशाळेत दाखवलं. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षापासून औषधापर्यंतची वाट लांब असते आणि बहुतेक संयुगं तिथवर पोचत नाहीत. तरी विदर्भातल्या ज्या गावांनी हत्तीरोग पाहिलेला आहे, त्यांना अशा शोधाचं मोल सांगावं लागत नाही. त्या संशोधकांनी पानं कुठली हे स्पष्ट लिहिलं, हे मला त्या कामातलं फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या कुणी सखल भागातली पानं आणून तेच करून पाहिलं आणि उत्तर वेगळं आलं, तर कुणाचं चुकलं या वादात न शिरता पुढचा प्रश्न विचारता येतो.

रसायनांतला फरक ही काही झाडाची हौस नसते. अलास्कात हिवाळ्यात बर्फातल्या सशांना खायला डहाळ्या आणि कळ्यांवाचून दुसरं फारसं नसतं. तिथल्या हिरव्या आल्डरच्या कळ्यांत आणि नरफुलांच्या तुऱ्यांत पिनोसिल्विन हे रसायन आणि त्याचं मिथाइल ईथर इतकं भरलेलं असतं की भुकेले ससेही त्यांना तोंड लावायला कचरतात. जॉन ब्रायंट, थॉमस क्लाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे उलगडलं. झाडानं हे रसायन सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. पुढच्या वर्षीचं पान आणि फूल जिथे आहे, तिथे ते जास्त साठवलं आहे.

जर्मनीत राइनर डोल्श आणि टेया चार्न्टके यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांनी काळ्या आल्डरच्या एका झाडाची पाचवा हिस्सा पानं हातानं तोडली आणि आसपासच्या झाडांवर आल्डरचा निळा भुंगेरा किती पानं खातो ते मोजत राहिले. जखमी झाडाच्या जवळच्या झाडांवर खाणं कमी झालं, जसजसं दूर जावं तसतसं वाढलं. पुढच्या प्रयोगांत जखमी पानांतून बाहेर पडणारं एथिलीन आणि टर्पीन सापडली. म्हणजे एका जागी वाढलेली झाडं एकमेकांच्या संकटाची दखल घेतात. दहा ठिकाणांहून जमा केलेल्या बियाण्याची झाडं एकाच ओळीत लावली तर ही दखल तशीच घेतली जाते का, हे कुणीतरी तपासायला हवं. पण नोंदच नसेल तर तपासणार कसं?

पानाच्या कडेकडेही थोडं पाहू. १९१५ मध्ये इर्विंग बेली आणि एडमंड सिनॉट या दोन अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की उष्ण प्रदेशांतल्या वृक्षांत सपाट कडेची पानं जास्त आणि थंड प्रदेशांत दातेरी पानं जास्त. इतकी, की जीवाश्म पानांच्या कडा पाहून लाखो वर्षांपूर्वीचं तापमान अंदाजता येतं. दात्यांच्या टोकांचं काम वसंताच्या सुरुवातीला लवकर सुरू होतं, छोट्या उन्हाळ्यात त्याचा फायदा होतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. स्कँडिनेव्हियातल्या करड्या आल्डरच्या दुहेरी दात्यांपासून नागालँडच्या उतीसच्या सपाट कडेपर्यंत पाहत गेलं की आल्डरच्या एका वंशातच हा धडा मांडून ठेवल्यासारखा वाटतो. पानांची कड म्हणजे त्या झाडाच्या पूर्वजांनी सोसलेल्या हवामानाचा लेखाजोखा आहे.

पानं मोजण्याच्या कामाची एक कटकट इथे सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच पुष्कळ लोक या कामाला कमी लेखतात. एकाच झाडावर सावलीतलं पान मोठं आणि पातळ, उन्हातलं लहान आणि जाड. खोडातून फुटलेल्या धुमाऱ्याची पानं तर अगदीच फसवी, दुसऱ्याच जातीची वाटावीत अशी. म्हणून फळ धरलेल्या आखूड डहाळ्यांवरचीच पानं घ्यायची, प्रत्येक झाडाची पुष्कळ घ्यायची, आणि लांबी, रुंदी, सर्वांत रुंद भाग कुठे येतो, टोकाचा कोन, शिरांच्या जोड्या, सगळं लिहायचं. कंटाळवाणं काम आहे. त्यातून चमकदार बातमी होत नाही. तरी २०१७ च्या त्या दोन जाती याच कामावर उभ्या राहिल्या.

आता डीएनए असताना पानं कशाला मोजायची, असं तरुण सहकारी विचारत. डीएनएची ताकद मला मान्य आहे. युरोपातली बरीचशी काळी आल्डर हिमयुगानंतर कार्पेथियन पर्वताच्या बाजूनं पसरली, हे १९९८ मध्ये हरितलवकातल्या डीएनएवरूनच कळलं. पण कळीत पिनोसिल्विन किती आहे आणि ससा ती खाईल का, हे डीएनएची पट्टी सांगत नाही. पान, रसायन आणि जनुक तिन्ही लागतात, आणि त्या तिन्हींसाठी वाळवून, चिठ्ठी लावून जपलेला नमुना लागतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं आपला सव्वाआठ लाख नमुन्यांचा वनस्पतिसंग्रह बंद करण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ हळहळले. आपल्याकडे हावड्याचा केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रह आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं १९५५ पासूनचं पश्चिम केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा ब्लॅटर संग्रह आहे. तो ज्यांच्या नावाचा, त्या एथेलबर्ट ब्लॅटर यांनी काश्मीरच्या फुलांवर पुस्तक लिहिलं होतं. या संग्रहांत माणसं हवीत, तीही कायम नोकरीतली.

निष्काळजी लागवडीची किंमत किती मोठी असू शकते, हे युरोपातल्या आल्डरनी भोगलं आहे. १९९३ मध्ये दक्षिण इंग्लंडच्या नद्यांवर काळी आल्डर मरताना दिसू लागली. खोडाच्या बुंध्याशी डांबरासारखे काळे ओघळ, वर पानं बारीक आणि पिवळी, मग वाळलेली फांदी. कारण होतं फायटोफ्थोरा ॲल्नी, बुरशीसारखा पाण्यातून पसरणारा रोगजंतू, आणि तो स्वतःच संकरातून जन्मलेला. बव्हेरियातल्या तपासणीत रोपवाटिकेतल्या बाधित रोपांबरोबर हा रोग नदीकाठी पोचल्याचं आढळलं. काठ सावरण्यासाठी म्हणून लावलेल्या रोपांनीच तो काठ आजारी पाडला. याच रोगाला करडं आल्डर काळ्यापेक्षा कमी बळी पडतं. भावकीतला फरक अशा वेळी नदीचा जीव वाचवतो. पण कोणतं रोप कुठून आलं हे लिहिलेलं असेल तरच रोगाचा माग काढता येतो आणि पुढची गाडी थांबवता येते.

युरोपीय संघानं १९९९ च्या निर्देशात वनवृक्षांचं बी आणि रोपं विकताना त्यांचा उगम सांगणं बंधनकारक केलं. त्या यादीत काळं आणि करडं दोन्ही आल्डर आहेत. आपल्यालाही हे नवं नाही. सागासाठी आपल्या वनखात्यांनी बीजोत्पादन क्षेत्रं राखलेली आहेत, कारण सागाचा पैसा होतो. महाराष्ट्रानं २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तेव्हा किती लागली आणि किती जगली यावर भरपूर लिहून आलं. कुठल्या बियाण्याची लागली, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. तो खैरासाठी, हिरड्यासाठी, मोहासाठीही विचारायला हवा.

माझ्या मागणीवर एक आक्षेप खरा वजनदार आहे. हवामान बदलतं आहे, मग त्याच डोंगरावरचं बी वापरण्याचा आग्रह कशाला? खालच्या, उबदार उतारावरचं बी उद्या वरच्या उतारावर जास्त टिकेल, असंही होऊ शकतं. हे मला पटतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये युरोपभरच्या काळ्या आल्डरची रोपं एकाच बागेत वाढवून आणि जनुकं तपासून दाखवलं की ही झाडं आपापल्या भागातल्या तापमानाशी जुळवून घेत वेगळी झालेली आहेत. म्हणजे बी हलवण्यात फायदाही असेल, तोटाही. माझा आग्रह स्थानिक बियाण्याचा नाही, नोंदीचा आहे. मुद्दाम खालचं बी वर लावा, पण लिहून लावा. वीस वर्षांनी कुणी तिथे गेलं तर कोणतं झाड कुठलं हे त्याला कळायला हवं.

यासाठी प्रयोगशाळेत जावं लागत नाही हे मला खोनोमानं दाखवलं. कोहिमापासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या या अंगामी नागांच्या गावात उतीस शेतातच राखतात. झाड मुळापासून तोडत नाहीत. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर छाटतात, पिकं घेतात, मग शेत पडीक ठेवतात, आणि त्या काळात बुंध्यावरून नव्या फांद्या फुटतात. पिढ्यानपिढ्या छाटलेले बुंधे गाठाळ, जाडजूड झालेले आहेत. तिथल्या बायका कोणत्या बांधावरचं झाड लवकर फुटतं आणि कोणत्या झाडाखाली पीक चांगलं येतं हे बोट दाखवून सांगतात. सिक्कीममध्ये आपल्या गोड्या मसाल्यातली मोठी वेलची याच उतीसच्या सावलीत वाढते, आणि तिथले शेतकरीही झाड निवडूनच राखतात. त्यांच्याकडे जे ज्ञान तोंडी आहे, ते आपल्या खात्यांच्या वहीत एका रकान्यात मावेल.

वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याबद्दल जमा होणारा भरपाई वनीकरणाचा निधी २०१६ च्या कायद्यानं बहुतांशी राज्यांकडे जातो. या निधीतून होणाऱ्या लागवडीपासून सुरुवात करता येईल. बी गोळा केलं ते गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, किती झाडांवरून गोळा केलं तो आकडा, आणि त्या झाडांपैकी एकाची फळासकट वाळवलेली डहाळी जवळच्या वनस्पतिसंग्रहाकडे. एवढं नसेल तर देयक मंजूर होऊ नये. खर्च पत्र्याच्या एका बिल्ल्याचा आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याचा. उतीसचे शंकू हिवाळ्यात पिकतात आणि तेव्हाच बी जमवणारी माणसं डोंगरावर चढतात. ते बी पुढच्या हरेल्याच्या रोपांसाठी वापरायचं असेल तर नवी नोंदवही त्यांच्या हातात दिवाळीपूर्वी पडायला हवी.